दांपत्यकलह आणि हेत्वारोपाची उलटतपासणी



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांची सारी हयात दिवाणी दाव्यांत गेली. आणि अशा गृहस्थांच्या स्मृतीस वाहिलेल्या व्यासपीठावरून मानसोपचाराविषयी बोलण्यास माझ्यासारख्या, कचेरीची पायरी क्वचितच चढलेल्या माणसाला पाचारण करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले, असे निमंत्रण हाती पडताच मला वाटले. परंतु विषयाची जुळवाजुळव करू लागलो तेव्हा ध्यानात आले की ज्या उपचारपद्धतीची ओळख मी आज करून देणार आहे, तिचे अर्धे कसब वकिलीचेच आहे: पुरावा मागणे, ऐकीव आणि प्रत्यक्ष यांची फारकत करणे, आणि साक्षीदार जे शपथेवर 'मला ठाऊकच आहे' म्हणून सांगतो, ते त्याला कशावरून ठाऊक झाले, हे न चिडता विचारीत राहणे. दांपत्यकलहात मात्र वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही चारही कामे दोनच माणसे आळीपाळीने करीत असतात, आणि निकाल बहुधा प्रतिपक्षाची कैफियत ऐकण्यापूर्वीच लिहून तयार असतो.

पतिपत्नींच्या तंट्यात सरकारदरबाराचा हात कोठवर पोहोचतो, याचा एक ठळक दाखला आपल्या मुंबई इलाख्यातच घडून गेला आहे. अकराव्या वर्षी ज्यांचे लग्न लागले आणि जाणत्या झाल्यावर ज्यांनी पतीच्या घरी जाण्याचे साफ नाकारले, त्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली नांदावयास येण्याचा दावा मुंबई हायकोर्टात गुदरला. पहिल्या न्यायमूर्तींनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ साली हुकूम झाला की बाईंनी पतीच्या घरी जावे, नाही तर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. पुढल्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण दप्तरदाखल झाले, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटकडे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. परंतु पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्यास न्यायालयामार्फत नांदावयास बोलावण्याची ती तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजतागायत टिकून आहे. पुढे १९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, १९८९ पासून पुण्यामुंबईस अशी न्यायालये सुरू झाली, समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरले, आणि विवाह समुपदेशक नावाची एक नवी व्यक्ती त्या इमारतीत बसू लागली. ही सुधारणा लहान नाही. तरीही त्या समुपदेशकापुढे येणारे जोडपे वकीलपत्रावर सह्या करून आणि पोटगीचा आकडा मनात धरून आलेले असते, त्यामुळे तेथे उच्चारलेला प्रत्येक शब्द पुढल्या तारखेस आपल्यावर उलटेल की काय, या धास्तीने दोघेही तोलूनमापून बोलतात. आजच्या माझ्या विषयाची जागा त्या इमारतीच्या पुष्कळ अलीकडे आहे. दोन खोल्यांच्या घरात, कामावरून परतण्याच्या वेळी, चहाच्या आधणाजवळ.

एक उदाहरण घेतो. ते दोनतीन जोडप्यांच्या हकिकतींतून मुद्दाम जुळवलेले आहे, तेव्हा कोणी ओळख काढण्याच्या भरीस पडू नये. पती वीज मंडळाच्या उपकेंद्रात नोकरीस, पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका, लग्नाला चौदा वर्षे झालेली, मुलगी सातवीत. पत्नीची आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडे येऊन राहिली होती आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. दुपारी पत्नीने फोन करून सांगितले, 'येताना आईच्या गोळ्या तेवढ्या आणा.' संध्याकाळी साडेसात वाजता गृहस्थ घरी आले ते गोळ्यांवाचून. पिशवीतून निघाली ती थोरल्या भावाच्या मुलासाठी घेतलेली कंपासपेटी. पत्नीने ती पेटी पाहिली आणि म्हणाली, 'माझ्या माणसांचं काही आणायचं म्हटलं की बरं विसरायला होतं तुम्हाला.' पतीने उत्तर दिले नाही. हातपाय धुऊन तो दूरचित्रवाणीसमोर जाऊन बसला. पुढले चार दिवस त्या घरातला पत्रव्यवहार मुलीमार्फत चालला: 'बाबांना सांग, गॅसवाला येऊन गेला', 'आईला म्हणावं, मी उशिरा येणार आहे.' सासूबाई बिचाऱ्या पट्टी बांधलेल्या डोळ्याने हे सारे ऐकत होत्या आणि आपण परत कधी जाऊ, याचा हिशेब करीत होत्या.

हा प्रसंग ऐकून आपल्यातील काहींना वाटेल की यात मानसोपचाराचे काय आहे, असे प्रत्येक घरात होते. होते खरेच, आणि म्हणूनच तो निवडला. दांपत्यजीवन ज्या गोष्टींनी खिळखिळे होते त्यांतील बहुसंख्य गोष्टी कंपासपेटीएवढ्याच असतात. भांडण गोळ्यांवरून झाले असे दोघेही सांगतात, परंतु विसरलेल्या गोळ्यांवरून चार दिवसांचा अबोला धरण्याइतकी ही माणसे पोरकट नसतात. अबोला धरला गेला तो त्या गोळ्यांना दोघांनी क्षणार्धात चिकटवलेल्या अर्थावरून. पत्नीच्या मनात त्या वेळी जे वाक्य उमटले ते असे: 'माझ्या आईची यांना किंमत नाही, चौदा वर्षांत कधी नव्हती.' पतीच्या मनात उमटले ते असे: 'हिच्या लेखी मी कधी पुरा पडणार नाही, बोललो तर आणखी वाढेल.' ही वाक्ये कोणी मुद्दाम विचार करून रचलेली नव्हती. ती आपोआप आली, विजेच्या वेगाने आली, आणि आली ती वस्तुस्थितीचे कपडे घालून आली, त्यामुळे त्यांच्याकडे 'हा आपला एक विचार आहे' अशा नजरेने पाहण्याचे दोघांनाही सुचले नाही.

मनातल्या या वाक्यांना पकडून त्यांची तपासणी करावी, ही कल्पना आधुनिक मानसोपचारात दोन अमेरिकन माणसांनी रुजवली. पहिले न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस. १९४० च्या दशकात त्यांनी व्यवसायास आरंभ केला तोच मुळी विवाह, कुटुंब आणि कामजीवन यांविषयी सल्ला देण्यापासून. मधे त्यांनी मनोविश्लेषणाची दीक्षा घेतली, त्या पद्धतीच्या दिरंगाईस ते विटले, आणि १९५५ पासून त्यांनी आपला स्वतंत्र विवेकनिष्ठ मार्ग चालवला, ज्याचे ऋण ते एपिक्टेटससारख्या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांकडे मोकळेपणाने मान्य करीत. मनुष्याला क्लेश होतात ते घटनेपेक्षाही घटनेविषयीच्या त्याच्या हटवादी समजुतींनी, विशेषतः 'असे झालेच पाहिजे' या आग्रहाने, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. आणि १९६१ साली रॉबर्ट हार्पर यांच्यासह त्यांनी तो विवाहविषयक एका स्वतंत्र पुस्तकात मांडला. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि तिचा प्रसार येथे केला. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सामान्य मराठी वाचक-श्रोत्यांपर्यंत नेली. तेव्हा हा विचार आपल्याला अगदीच परका नाही.

दुसरे फिलाडेल्फियाचे एरन बेक, जे २०२१ साली वयाची शंभर वर्षे पुरी करून निवर्तले. तेही मूळचे मनोविश्लेषकच. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते सारे सांगावे, या शिरस्त्याप्रमाणे काम करीत असताना त्यांना आढळले की रुग्ण जे बोलत असतो त्याच्या जोडीने त्याच्या मनात विचारांचा आणखी एक ओघ वाहत असतो, जो तो सांगत नाही, कारण तो सांगण्याजोगा आहे हेच त्याला ठाऊक नसते. खिन्नतेच्या विकारावर बेक यांनी या शोधातून जी उपचारपद्धती घडवली, तीच पुढे बोधात्मक वर्तनोपचार, अथवा आद्याक्षरांनी सीबीटी, या नावाने जगभर पसरली; आणि १९८८ साली त्यांनी पतिपत्नींसाठी खास पुस्तक लिहिले, ज्याचे शीर्षकच नुसते प्रेम पुरत नसल्याचे बजावते.

या उपचारपद्धतीच्या नावातील 'वर्तन' हा भाग दुसऱ्या घराण्यातून आला, आणि त्याचा आरंभ काहीसा गमतीचा आहे. १९६९ साली रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार जोडप्यांवर केलेल्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या पत्नींची पहिली मागणी होती, नवऱ्याने आपल्याशी अधिक बोलावे. पतींची अपेक्षा शारीरिक जवळिकीची. स्टुअर्ट यांनी नामी तोड काढली: नवरा बोलला की बायकोने त्याला बिल्ला द्यावा, आणि पुरेसे बिल्ले साठले की त्याने ते जवळिकीच्या मोबदल्यात वटवावेत. त्या चार संसारांत सुधारणा झाल्याचे नमूद आहे. मला स्वतःला या हिशेबीपणाने आजही अवघडल्यासारखे होते, आणि ज्या नवऱ्याला बायकोशी बोलण्यासाठी बिल्ला लागतो त्याच्या बोलण्यात तिला काय गोडी वाटली असेल, हा प्रश्न सुटत नाही. परंतु त्या प्रयोगामागील एक गोष्ट पुढे टिकली, ती अशी की मन पालटण्याची वाट पाहत न बसता वागणे आधी थोडे पालटून पाहावे, मन पुष्कळदा मागून येते.

आता आपल्या जोडप्याकडे वळतो. उपचारक प्रथम दोघांना एकत्र भेटतो, नंतर प्रत्येकास एकटे भेटतो, याचे एक गंभीर कारण पुढे येईल. मग तो त्यांना एक साधा कागद देतो, ज्यावर रकाने आखलेले असतात: काय घडले, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, त्याने काय वाटले आणि किती, त्या वाक्याच्या बाजूने पुरावा कोणता, विरुद्ध पुरावा कोणता, आणि हे सारे पाहिल्यावर तेच वाक्य अधिक नेमके कसे लिहिता येईल. शिक्षिकाबाईंनी पहिल्या रकान्यात लिहिले, 'यांनी आईच्या गोळ्या मुद्दाम आणल्या नाहीत.' उपचारकाने 'मुद्दाम' या शब्दाखाली रेघ ओढली आणि एवढेच म्हटले की कॅमेरा लावला असता तर त्यात हा शब्द दिसला असता का. बाईंनी तो खोडला. नंतर पतीस विचारले गेले, आणि पहिल्यांदाच असे बाहेर आले की तो औषधाच्या दुकानात गेला होता. त्या कंपनीच्या गोळ्या शिल्लक नव्हत्या, दुसऱ्या कंपनीच्या घ्याव्यात तर सासूबाईंना चालतील की नाही हे ठाऊक नव्हते, दुकानदाराने सकाळी या म्हणून सांगितले. आणि कंपासपेटी शेजारच्या दुकानातली, पुतण्याने आठवडाभर मागे लावलेली. 'मग हे त्याच वेळी का नाही सांगितलंत?' असे बाई म्हणाल्या, तेव्हा तो म्हणाला, 'सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दुसऱ्या दुकानात का नाही गेलात.' बाईंना हसू आले, कारण त्या तसे म्हणाल्या असत्या.

येथे नाटकातल्याप्रमाणे पडदा पडत नाही. विरुद्ध पुराव्याच्या रकान्याइतकाच बाजूचा रकानाही भरावा लागतो, आणि त्यात बाईंनी जे लिहिले ते खोडण्याजोगे नव्हते: त्यांचे वडील रुग्णालयात होते तेव्हा हे गृहस्थ तिसऱ्या दिवशी भेटीस आले, स्वतःच्या भावाच्या किरकोळ तापासाठी मात्र रजा टाकली होती. म्हणून सुधारलेले वाक्य 'यांना माझ्या आईविषयी आस्था आहे' असे गोडगोड होऊ शकत नाही. ते असे झाले: 'गुरुवारी यांनी प्रयत्न केला होता आणि मला सांगितले नाही, माझ्या माहेरच्या माणसांना हे दुय्यम लेखतात अशी माझी तक्रार जुनी आहे, तिला आधार आहे, आणि ती वेगळी बोलली पाहिजे.' या उपचारपद्धतीविषयी एक गैरसमज असा रूढ आहे की ती माणसाला चांगले चांगले विचार करावयास शिकवते. तसे असते तर तिची गरज नव्हती, आपल्याकडे सुविचारांचे फलक प्रत्येक शाळेत लागलेले आहेत. ती शिकवते ती अचूकता. आणि अचूक वाक्यातून कधी नवऱ्याची निर्दोष सुटका होते, कधी त्याच्यावरचा आरोप पहिल्यापेक्षा नेमका आणि म्हणून अधिक जड होतो.

डोनाल्ड बॉकम आणि नॉर्मन एप्स्टाइन या अभ्यासकांनी १९९० साली दांपत्यांच्या बोधात्मक उपचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पतिपत्नींच्या अशा विचारांचे पाच प्रकार वेगळे काढले आहेत: कोणत्या गोष्टीकडे लक्ष जाते, घडले त्याचे कारण कोणते मानले जाते, पुढे काय होईल याचे भाकीत, माणसे मुळात कशी असतात याविषयीची गृहीतके, आणि ती कशी असावीत याविषयीचे मानदंड. पहिल्या चारांवर फार वेळ घालवत नाही. शिक्षिकाबाईंना चौदा वर्षांतली प्रत्येक विसरलेली गोष्ट तारीखवार पाठ होती आणि आणलेल्या गोष्टींची नोंद कोठेच नव्हती, हा पहिला प्रकार. 'बोललो तर वाढेल' हे पतीचे भाकीत, जे त्याच्या मौनानेच दर वेळी खरे ठरे, हा तिसरा. दुसरा प्रकार हेत्वारोपाचा, आणि त्याविषयी संशोधकांना पुनःपुन्हा आढळलेली गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: सुखी जोडपी साथीदाराच्या चुकीचे कारण परिस्थितीत शोधतात आणि चांगुलपणाचे त्याच्या स्वभावात, दुःखी जोडपी नेमकी उलट करतात, चूक स्वभावाच्या नावे मांडतात आणि चांगुलपणा योगायोगाच्या किंवा मतलबाच्या. अशा घरात नवऱ्याने एखादे दिवशी गजरा आणला तर बायको त्याच्याकडे संशयाने पाहते, आणि त्याला वाटते, आणूनही उपयोग नाही.

पाचवा प्रकार मात्र आपल्याकडे फार खोल गेलेला आहे, त्यावर थोडे थांबतो. प्रत्येक माणूस लग्नात आपल्या घरची एक अलिखित वहिवाट घेऊन येतो, आणि ती वहिवाट आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याला तो सृष्टिक्रमच वाटतो. आपल्या गृहस्थांच्या घरी वडील पगार आणून आईच्या हाती ठेवीत आणि पुढे काही विचारीत नसत, घरात बोलणे कामापुरते. शिक्षिकाबाईंच्या घरी वडील छत्री घ्यावयाची तरी आईला विचारून घेत आणि रात्री जेवणानंतर ओसरीवर दोघांची गप्पांची बैठक होई. त्यामुळे पतीचे मौन त्याच्या लेखी शहाणपण, तिच्या लेखी तुच्छता. गौरी-गणपतीला कोणाच्या गावी जावयाचे, दिवाळीतली भाऊबीज कोणत्या घरी, दिराच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे द्यावयाचे तर कोणी कोणाला विचारावयाचे, या प्रत्येक बाबतीत दोघांच्या मनात हुकूमनामे तयार असतात आणि कोणीही ते दुसऱ्यास वाचून दाखवलेले नसतात. उपचारक दोघांना ते लिहून काढावयास लावतो: 'नवऱ्याने अमुक केलेच पाहिजे', 'बायकोने तमुक करताच कामा नये.' मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न: हे कोठून आले, याचा खर्च कोणाच्या माथी पडतो, आणि 'पाहिजे'च्या जागी 'मला आवडेल' असे लिहिले तर ते टिकते का. आपल्या पुष्कळ घरांत सासरच्या माणसांचे करणे हे कर्तव्यात मोडते आणि माहेरच्यांचे करणे मेहेरबानीत. हा मानदंड कागदावर येतो तेव्हा तो पाळणाऱ्या पुरुषालाही तो वाचून ओशाळल्यासारखे होते, हे मी पाहिले आहे. बोलण्यात तो शंभर वेळा येऊन गेलेला असतो, पण अक्षरांत दिसला की निराळा दिसतो.

विचारांची ही झडती चालू असताना वागण्याकडेही पाहावे लागते, कारण दुखावलेली दोन माणसे कितीही विवेकी झाली तरी एकाच वेळी बोलू लागली की जुन्या वाटेनेच जातात. लॉस एंजेलिसच्या अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी एका विशिष्ट रहाटगाडग्याचा पुष्कळ अभ्यास केला: एक जण तगादा लावतो, दुसरा माघार घेतो, माघारीमुळे तगादा वाढतो, तगाद्यामुळे माघार. पत्नी म्हणते, 'हे बोलत नाहीत म्हणून मी बोलते'. पती म्हणतो, 'ही बोलते म्हणून मी गप्प बसतो'. दोघेही खरे सांगत असतात. यावर उपाय योजतात ते दिसावयास अगदी मामुली. एकाने थोडके बोलावे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे, पहिल्याने 'हो, असेच' म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. पहिल्या दिवशी हे पोरखेळासारखे वाटते आणि लोक हसतात. राग अनावर झाला तर थांबण्याची मुभा आहे, पण ज्याने थांबा मागितला त्यानेच परत येण्याची वेळ सांगावयाची आणि ती पाळावयाची. आणि दोघांनी एकमेकांकडून हव्या असलेल्या बारीकसारीक गोष्टींची यादी करावयाची, जीत 'प्रेमाने वागावे' असले कलम चालत नाही. 'रविवारचा चहा त्यांनी करावा', 'उशीर होणार असेल तर सहाच्या आत कळवावे', 'माझ्या आईला स्वतः फोन करावा' अशी चालतात. आपल्या गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट केली: घरी आल्यावर दूरचित्रवाणी लावण्यापूर्वी 'मला दहा मिनिटं दे, मग सांगतो' एवढे वाक्य उच्चारू लागले. बाईंच्या सांगण्याप्रमाणे गप्प बसणाऱ्या माणसापेक्षा 'गप्प बसणार आहे' असे सांगणारा माणूस पुष्कळ सुसह्य होता.

याचा गुण किती येतो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. या क्षेत्रातील एक गोष्ट मला आदरणीय वाटते ती अशी की सिअ‍ॅटलच्या नील जेकबसन यांनी, जे वर्तनोपचाराचे खंदे पुरस्कर्ते होते, स्वतःच्याच पद्धतीचे निष्कर्ष पुन्हा तपासले आणि गुण वाटला होता त्याहून कमी आहे, असे जाहीरपणे सांगितले. मग त्यांनी आणि क्रिस्टेन्सन यांनी उपचारात स्वीकाराचा भाग वाढवला: साथीदाराचा जो स्वभाव बदलण्याजोगा नाही, त्याच्याशी झगडणे सोडून तो समजून घेणे. लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल येथील १३४ विवाहित जोडप्यांवर, जी दीर्घकाळ आणि तीव्र बेबनावात होती, त्यांनी जुनी आणि नवी या दोन पद्धतींची तुलना केली. उपचारानंतर पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत सुमारे निम्म्या जोडप्यांची लक्षणीय सुधारणा टिकलेली होती, चतुर्थांशाहून थोडी अधिक विभक्त झाली होती, आणि दोन पद्धतींतला फरक फारसा उरला नव्हता. जेकबसन हे निष्कर्ष पाहण्यास राहिले नाहीत. १९९९ सालीच त्यांचे निधन झाले. निम्मे हा आकडा ऐकून कोणी निराश होईल. मी होत नाही. ही जोडपी तीव्र बेबनावातली होती, आणि त्यांतील निम्म्यांचे पाच वर्षांनंतर बरे चालले आहे, असे वैद्यकातील कितीतरी औषधांविषयी सांगता येणार नाही. आणि जी विभक्त झाली त्यांचा उपचार फुकट गेला, असे मानण्यासही मी तयार नाही. काही विवाह संपणे हेच त्यांतील दोघांच्या हिताचे असते.

आता ते गंभीर कारण. दोघांना वेगवेगळे भेटावयाचे ते मुख्यतः एक प्रश्न विचारण्यासाठी: घरात मारहाण होते का, भीती वाटते का. उत्तर होकारार्थी असेल, तर एकत्र बसवून केलेला हा उपचार तेथे थांबला पाहिजे. जिला घरी गेल्यावर मार बसणार आहे, तिने उपचारकापुढे मनमोकळे बोलावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिला संकटात लोटणे आहे, आणि 'तो मला मारील' या तिच्या विचाराला विपर्यस्त विचार म्हणून रकान्यात बसवणे हा तर अपराध आहे. 'मला मारू नये' हे वाक्य 'मला आवडेल'च्या भाषेत उतरवावयाचे नसते. तेथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलिस दलात सुरू केलेले स्त्रियांसाठीचे विशेष कक्ष आज महाराष्ट्रभर आहेत, तिकडे जावे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आणि आपल्याकडे अधिक संभवनीय. मुलीला परत पाठवू पाहणारे वडील, सुनेने 'विचार बदलावेत' असे म्हणणारी सासू, आणि कधीकधी निकाली प्रकरणांची संख्या वाढवू पाहणारा कोणी अधिकारी, या साऱ्यांना ही पद्धती सोयीची वाटू शकते, कारण वरवर पाहता ती परिस्थितीला हात न लावता माणसाचे मन वळवते. दिवसभर नोकरी करून सगळा स्वयंपाक एकटीने करणारी स्त्री थकली आणि चिडली, तर तिच्या विचारांत काही बिघाड नाही. तिच्या दिनक्रमात आहे. तिच्या कागदावर सुधारण्याजोगे वाक्य शोधणारा उपचारक आपले काम चुकतो. त्याने पतीच्या कागदावरची 'घरकाम ही बायकोची बाब' ही ओळ शोधावयास हवी होती. पुरावा मागण्याची ही पद्धती दोघांनाही सारखी लावली तरच तिला न्याय म्हणता येईल, अन्यथा जुन्या समजुतीलाच नवे नाव दिल्यासारखे होईल.

अखेर व्यवहाराचे थोडे. हा उपचार वर्षानुवर्षे चालत नाही. बहुतेकांना आठवड्यास एक याप्रमाणे काही महिन्यांच्या बैठका पुरतात, आणि खरे काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत घरीच करावयाचे असते. प्रशिक्षित माणसे मोठ्या शहरांत आहेत, जिल्ह्याच्या गावी विरळ, तालुक्याला जवळजवळ नाहीत; येथे बसलेल्या वकीलमंडळींना माझे सांगणे आहे की ज्या अशिलाचे प्रकरण अजून कंपासपेटीच्या टप्प्यावर आहे, त्याला नोटीस धाडण्यापूर्वी अशा माणसाचा पत्ता द्यावा, आपली फी बुडणार नाही, इतर दावे पुष्कळ आहेत.

आणि सभागृहातील विवाहित पुरुषांना एक विनंती. उपचारासाठी पहिला शब्द माझ्या पाहण्यात बहुधा पत्नीच काढते, आणि पती बहुधा 'आपल्याला काय वेड लागलंय?' असे उत्तर देतो. 'आपण कोणाकडे तरी जाऊ या' असे ती म्हणाली, तर त्या वाक्यातून 'दोष तुमचा आहे' असा हेतू कृपा करून काढू नये. तिने तो म्हटलेला नसतो. कोणत्या वारी जावयाचे, एवढेच तिला विचारावे.